गटाराच्या नावाने खुर्चीवर कर
अमेरिकेत मिनियापोलिस-सेंट पॉल परिसराची मेट्रोपोलिटन कौन्सिल १९७३ पासून मलनिःसारणाच्या क्षमतेपोटी एकरकमी आकार वसूल करते. दररोजच्या संभाव्य २७४ गॅलन सांडपाण्यास एक एकक; २०१४ साली त्याचा दर २,४८५ डॉलर झाला. उपाहारगृहाबाहेर उघड्यावर मांडलेल्या खुर्च्याही या हिशेबात धरल्या गेल्या. त्यांना सवलत मिळाली, तत्त्व मात्र कायम राहिले.

कमाल प्रवाह सामावणारी गटारे बांधावी लागतात, हे खरे. परंतु उन्हाळ्यात बहुधा आतलेच गिऱ्हाईक बाहेर बसते आणि हिवाळ्यात तेथे बर्फ साचतो. नळाला मीटर असताना खुर्च्या कशासाठी मोजायच्या? भांडवलदार साखळीला ही रक्कम किरकोळ. लहान धंदेवाला मात्र दार उघडण्यापूर्वीच तिच्याखाली वाकतो. सार्वजनिक सोयीचा भार अनुमानावर नव्हे, प्रत्यक्ष वापरावर आणि ऐपतीवरच बेतला पाहिजे.