मृगाआधीचा एक दिवस



गहू-हरभरा घरात आला, नांगरट झाली, ढेकळे उन्हात तापत पडली. अक्षय्यतृतीया झाली की ७-८ जूनच्या मृगापर्यंत शेतकऱ्याच्या घराला थोडी उसंत मिळते. उसाला पाणी द्यावेच लागते, दुभत्याची धार चुकत नाही, हे खरेच. पण मुलांच्या शाळा बंद, माहेरवाशिणी आलेल्या आणि भावंडे जमलेली, असा मेळ वर्षातून एकदाच पडतो. मग ‘आम्हाला कुठली आली सहल!’ असे का म्हणावे? सहल म्हणजे महाबळेश्वरच असे थोडेच आहे? पहाटे निघून दिवेलागणीला परत येता येईल एवढ्या अंतरावर पाहण्याजोगे पुष्कळ असते.

आधी अडचण सोडवू या ती जनावरांची. सावडीची रीत आपल्याला नवी नाही. पेरणीला, मळणीला सावड करतो, तशीच सहलीलाही करावी. या रविवारी शेजाऱ्याने आपल्या गोठ्यात वैरण-पाणी बघावे, पुढच्या रविवारी आपण त्याचे बघावे. असे ठरले म्हणजे ‘तुम्ही जा, मी थांबते’ असे म्हणून दरवर्षी मागे राहणारी घरातली एक बाई सुटते. कोण मागे राहते, हे आपल्या घरात एकदा आठवून पाहा. बहुधा तीच ती असते.

दुसरी अडचण खर्चाची. १७ मार्च २०२३ पासून एस.टी.त सर्व महिलांना अर्धे तिकीट आहे. ५ ते १२ वर्षांच्या मुलांना अर्धे, ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना अर्धे आणि ७५ च्या पुढच्यांना प्रवास मोफत. आजी-आजोबांचे आधार कार्ड तेवढे पिशवीत टाका. घरातल्या सहा-सात माणसांचा हिशेब मांडून पाहा, पूर्ण तिकीट एक-दोघांचेच निघेल.

आता जायचे कुठे? चैत्र-वैशाखात गावोगावच्या जत्रा असतात. चैत्री पौर्णिमेला वाडी रत्नागिरीच्या जोतिबाच्या डोंगरावर सासनकाठ्या नाचतात, गुलालाने डोंगर लाल होतो. तेवढे लांब जायला जमले नाही, तर पाव्हण्यांच्या गावची जत्रा काही कमी नसते. पालखी, छबिना, कुस्त्यांचा फड आणि रात्री तमाशा. बैलगाडा शर्यतींवर २०१४ साली बंदी आली होती. डिसेंबर २०२१ मध्ये न्यायालयाने अटींवर परवानगी दिली आणि मे २०२३ मध्ये ती कायम झाली. शर्यत जरूर पाहावी, पण मूल खांद्यावर घेऊन, घाटाच्या कडेपासून लांब उभे राहून. उधळलेला बैल दोर पाहत नाही.

बुलढाणा, जालन्याकडच्यांना लोणार जवळ आहे. आकाशातून पडलेल्या अशनीने काळ्या पाषाणात पाडलेला हा खड्डा जवळजवळ पावणेदोन किलोमीटर रुंद असून पाणी खारट आहे. जून २०२० मध्ये हे पाणी गुलाबी झाले होते. गावातले दैत्यसूदनाचे कोरीव देऊळही मुलांना दाखवावे. अकोले, नगर, नाशिककडच्यांनी मे अखेरीस भंडारदऱ्याच्या बाजूला रात्री काजवे पाहावेत. हिरडा, बेहडा, सादडा या झाडांवर हजारो काजवे एका तालात उघडझाप करतात. तो त्यांचा जोडीदाराला दिलेला इशारा असतो. तेथे बॅटरी किंवा गाडीचे दिवे लावले की इशारा चुकतो आणि पुढच्या वर्षीचे काजवे कमी होतात. काजव्याची अळी गोगलगायी खाते, म्हणजे तो आपल्याच कामाचा जीव.

पुणे, सोलापूर, नगरच्या सीमेवरच्या मंडळींना उजनीचा काठ आहे. भिगवणजवळ कुंभारगावला उथळ पाण्यात रोहित पक्षी दिसतात. सकाळी लवकर गेले तर थवेच्या थवे. या धरणात सुमारे ११७ टी.एम.सी. पाणी मावते, पण त्यातले सुमारे ६३ टी.एम.सी. मृतसाठा धरला आहे. म्हणून उन्हाळ्यात ‘उजनी वजा झाली’ असे आपण ऐकतो. पाणी असे फार उतरले की पळसदेवचे जुने दगडी देऊळ उघडे पडते. १९८० च्या सुमारास धरण पुरे झाले, त्याआधी येथली गावे उठली. ज्यांच्या घरचे आजोबा त्या गावांतले असतील, त्यांनी नातवंडांना घेऊन काठावर जावे. कुठे वाडा होता, कुठे मळा होता, हे सांगणारी माणसे आता थोडी राहिली आहेत.

पण पाणी म्हटले की काळजी आली. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूर तालुक्यातल्या कळाशीकडे निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली. एक जण पोहून काठाला लागला, सहा जण बुडाले. त्यांत लहान मुलेही होती. दोन्ही काठांच्या माणसांची ही नेहमीची वाट होती. मे महिन्यात दुपार कलली की वळवाचा वारा केव्हा सुटेल याचा नेम नसतो. म्हणून बोटीत बसायचे ते सकाळीच, आणि प्रत्येकाच्या अंगात, तान्ह्या मुलाच्यासुद्धा, जीवरक्षक जाकीट असेल तरच. नसेल तर काठावरून पाहावे. नावाडी ओळखीचा आहे, म्हणून वारा ओळखीचा होत नाही.

विहिरीत पोहायला शिकलेली आपली मुले धरणाला भीत नाहीत, आणि धोका तिथेच आहे. विहिरीची खोली ठाऊक असते. धरणाच्या फुगवट्याखाली जुन्या विहिरी, मुरूम काढलेले खड्डे, नदीचे मूळ पात्र असे काय काय असते. गुडघाभर पाण्यातून पुढचे पाऊल थेट खोल जाते. पाणी उतरलेल्या जागी गाळ वरून भेगाळलेला दिसतो, आत पाय रुततो. तेव्हा पाण्यात खेळायचेच तर गावकरी दाखवतील त्याच जागी, कमरेच्या आत, आणि एका मोठ्या माणसाने मोबाईल खिशात ठेवून केवळ मुलांकडे पाहत उभे राहावे.

कोणी बुडू लागले तर मागोमाग उडी घेऊ नका. एकाला वाचवायला गेलेले दोघे-तिघे गेल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात येतात. साडी, धोतर, कासरा टाका, किंवा झाकण घट्ट लावलेला रिकामा डबा फेका, तो धरून माणूस तरंगतो. बाहेर काढलेल्याला उलटे टांगू नका, पोट दाबून पाणी काढत बसू नका. श्वास नसेल तर तोंडाने श्वास द्या, छाती दाबा आणि दुसऱ्याने लगेच १०८ ला फोन लावावा. आभाळ गडगडले तर पाण्यातून बाहेर या, झाडाखाली थांबू नका, पक्के घर किंवा एस.टी. गाठा.

शिदोरीचे सांगायला नकोच. दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी, कांदा, कैरी, आणि माणशी भरपूर पाणी. उन्हाने कोणी मलूल झाले तर सावलीत घेऊन १ लिटर पाण्यात सपाट ६ चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून घोट घोट पाजावे. चमचा चहाचा.

बाई सहलीला निघाली, तरी तिची चूल तिच्या डोक्यावरच निघते. पहाटे तीनला उठून सगळ्यांचे करायचे, तिथे वाढायचे, परतल्यावर भांडी घासायची, मग तिची सहल झाली कुठे? धपाटे आदल्या रात्री सगळ्यांनी मिळून थापावेत. तिथे मुलांनी वाढावे, पुरुषांनी भांडी विसळावीत. आणि तिला पंधरा मिनिटे नुसते पाण्याकडे पाहत बसू द्यावे.

तर मंडळी, पेरणीचे बियाणे आणायला तालुक्याला जाल, तेव्हा स्टँडवर एस.टी.च्या वेळा लिहून आणा. शेजाऱ्याशी गोठ्याचे बोलून ठेवा. मृग लागल्यावर कोणाला सवड होणार आहे?