निवटीचा हिशेब

ठाणे खाडीला ओहोटी लागली की उघड्या चिखलावर एक चिमुकला, डोके वर काढून टकमक पाहणारा मासा सरपटू लागतो. हीच निवटी. अंग ओले असेतो ती त्वचेतून हवेतला प्राणवायू घेते आणि स्वतः खणलेल्या बिळात राहते. मचूळ पाणी व मऊ चिखल एवढेच तिचे भांडवल. तिला हाताने पकडणाऱ्या कोळी-आगरी कुटुंबांचेही तेच. होडी नाही, डिझेल नाही, म्हणून परवाना नाही आणि सरकारदरबारी नोंदही नाही.

नियोजनकारांच्या कागदावर हा चिखल ‘पडीक’ असतो. पडीक म्हणून फुकट, फुकट म्हणून भराव स्वस्त, आणि भराव स्वस्त म्हणून प्रकल्प फायद्याचा! अर्थशास्त्राचा अध्यापक या नात्याने मी म्हणेन की या गणितात चूक नाही, लबाडी आहे. खर्च गरिबाच्या ताटात लोटायचा आणि नफा तेवढा ताळेबंदात दाखवायचा.

उरणच्या कोळ्यांनी हा ताळेबंद न्यायासनापुढे उघडायला लावला. भरावांनी भरतीची वाट अडली, तिवरे गेली, ही त्यांची तक्रार होती. २७ फेब्रुवारी २०१५ रोजी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुणे खंडपीठाने १,६३० मच्छीमार कुटुंबांना ९५ कोटी १९ लाख २० हजार रुपये देण्याचा आदेश दिला; दर कुटुंबी ५ लाख ८४ हजार. ‘फुकट’ चिखलाची ही किंमत!

तरीही भरपाईवर समाधान मानणे हा समाजवाद नव्हे. भरपाई कुटुंबाला मिळते, खाजण मात्र गावाचे होते. रक्कम एकदाच येते. चिखल पिढ्यान् पिढ्या पोसत होता.

आपल्या पर्यावरणवादी मित्रांनाही एक विचारावेसे वाटते. ठाणे खाडी २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य झाली, २०२२ साली रामसर स्थळ. उत्तम झाले. रोहित पक्ष्याशी आमचे वैर नाही. पण दुर्बिणीतून पाहुणा पक्षी दिसतो, त्याच चिखलात वाकलेली बाई दिसत नाही, हे कसे?

२०११ च्या किनारा नियमन अधिसूचनेने मासेमारीची क्षेत्रे व माशांची प्रजननस्थाने आराखड्यात स्पष्ट दाखवण्यास सांगितले होते. आपल्या शाखांनी तो नकाशा घेऊन कोळीवाड्यात बसावे. निवटी पकडणाऱ्या बायांना विचारून चिखलाच्या पट्ट्या गावनिहाय नोंदवाव्यात आणि त्यात जे सुटले असेल ते जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी मागावे. पुढच्या भरावाची निविदा निघण्यापूर्वी.