आधी हे सांगा!

गरोदर बाईला उपदेश करायला आपल्याकडे कुणाचीही हरकत नसते. शेजारीण सांगते, नणंद सांगते आणि २०१७ मध्ये केंद्र सरकारही सांगू लागले. तेव्हाचे आयुष राज्यमंत्री श्रीपाद नाईक यांनी त्या वर्षी जून महिन्यात वाटलेल्या पुस्तिकेत गर्भवतीने अंडी आणि मांसाहार टाळावा, वासना, क्रोध, द्वेष यांपासून दूर राहावे, वाईट संगत सोडावी, खोलीत सुंदर चित्रे लावावीत, असे सांगितले आहे. टीका झाल्यावर खुलासा आला की हा नुसता सल्ला आहे आणि पुस्तिका तीन वर्षांपूर्वीची आहे. तीन वर्षांपूर्वीची असेल, तर तेव्हाच कुणी ती तपासली का नाही? आणि सरकारी शिक्क्याचा सल्ला नुसता सल्ला राहत नाही. सुनेच्या ताटात काय पडावे हे जिथे सासू ठरवते, त्या घरात तो हुकूम होतो. अंडे नको म्हणणाऱ्याच्या हाती सरकारी कागद आला.

अंडे कुणाच्या ताटातून जाते आहे, हे जरा पाहा. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातल्या निम्म्या गरोदर स्त्रियांच्या अंगात पुरेसे रक्त नव्हते, आणि महाराष्ट्राची स्थितीही फार वेगळी नव्हती. एका अंड्यात सुमारे सहा ग्रॅम उत्तम प्रथिने असतात, शिवाय भाजीपाल्यात न मिळणारे ब-१२ जीवनसत्त्व असते. म्हणूनच महाराष्ट्र सरकार अमृत आहार योजनेत आदिवासी भागातल्या गरोदर बायकांना अंगणवाडीत चौरस आहाराबरोबर अंडे देते. जी खात नाही तिला केळे. एक सरकार अंडे वाढते आणि दुसऱ्याने ते टाळायला सांगितले. मेळघाटातल्या बाईने ऐकायचे कुणाचे?

मन शांत असावे, योगासने करावीत, याला कुणाचा विरोध नाही. प्रश्न आहे तो आधी काय सांगायचे याचा. त्याच राष्ट्रीय पाहणीत नोंदणी झालेल्या गर्भारपणांपैकी ८९ टक्क्यांमध्ये आईच्या हाती माता-बाल संरक्षण कार्ड पडल्याचे दिसते. पण किमान चार तपासण्या, धनुर्वाताची लस आणि शंभर दिवस लोहाच्या गोळ्या एवढी पूर्ण काळजी मिळाली फक्त २१ टक्के मातांना. कार्ड पोहोचले, त्यातला धोक्याच्या लक्षणांचा मजकूर पोहोचला नाही. पायाबरोबर चेहऱ्यावर, हातांवर सूज आली, डोके ठणकू लागले, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर रक्तदाब वाढलेला असू शकतो आणि झटके येण्याआधी दवाखाना गाठायला हवा. अंगावरून रक्त जाऊ लागले, पाणी गेले, बाळ फिरेनासे झाले, तर सकाळची वाट पाहायची नाही. या मोजक्या गोष्टी माहीत नसल्या तर जीव जातो. २०११-१३ मध्ये देशात लाख जिवंत जन्मांमागे १६७ माता दगावल्या, महाराष्ट्रात ६८. त्यांतल्या कितीतरी वाचवता येण्यासारख्या होत्या, हे सरकारी डॉक्टरही मान्य करतील.

बायकाच ऐकत नाहीत, लोहाच्या गोळ्या उकिरड्यावर टाकतात, असे सांगितले जाते. हो, टाकतात. लाल गोळी घेतल्यावर मळमळते, शौचाला काळे होते, पोट साफ होत नाही. त्यात घरातले कुणीतरी म्हणते की या गोळ्यांनी पोर मोठे होते आणि बाळंतपण अवघड जाते. पहिलटकरीण घाबरणारच. काळे होणे लोहामुळे असते आणि त्याने अपाय होत नाही, गोळी चहाबरोबर न घेता जेवणानंतर लिंबूपाण्याबरोबर घ्यावी, हे कुणीतरी तिच्याजवळ दहा मिनिटे बसून सांगितले पाहिजे. तपासणीच्या रांगेत वजन, रक्तदाब, सुई आणि गोळ्यांची पाकिटे हातात, एवढ्यात तिचा नंबर संपतो. २०१५-१६ च्या पाहणीत शंभर दिवस गोळ्या घेणाऱ्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी होत्या, त्याचे खापर तिच्या अडाणीपणावर फोडणे हा शुद्ध अन्याय आहे. तिला सांगितलेच गेलेले नाही.

आणि सांगूनही ती खाणार कशातून? २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने गरोदर मातांना किमान सहा हजार रुपये कबूल केले. पंतप्रधानांनी ३१ डिसेंबर २०१६ रोजी त्याच सहा हजारांचा पुनरुच्चार केला. मे २०१७ मध्ये मंत्रिमंडळाने मंजूर केले पाच हजार, तेही फक्त पहिल्या अपत्यासाठी. दुसऱ्या खेपेला तिच्या अंगात रक्त आणखी कमी असू शकते, नेमका तेव्हाच हात आखडता घेतला गेला. ती पुस्तिका मागे घ्या, कायद्यातले पैसे कायद्याप्रमाणे द्या, आणि दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची तपासणी होते तेव्हा नवऱ्याला आणि सासूलाही बोलवा. कार्डाचे एकेक पान तिघांसमोर वाचून दाखवायला तिथे एक माणूस बसवा, आणि अंधारी आली तर कुठे जायचे, गाडी कोणत्या नंबरवर बोलवायची, हे त्या तिघांच्याही तोंडून वदवून घ्या.