बाइंडर विकत घ्यायच्या आधी पोतं उलटं करून बघा



मध्यंतरी कळंब्यात एका होतकरू मुलाच्या शेडवर गेलो होतो. वडिलांच्या गोठ्याला लागून पत्र्याची शेड, त्यात फ्लॅट डायचं छोटं मशीन, एक हॅमर मिल आणि कोपऱ्यात परत आलेली गोळी पेंडीची पोती. कर्ज काढून मशीन घेतलेलं, त्यामुळे चेहरा पडलेला. मी बसायच्या आधीच त्यानं विचारलं, "सर, चांगला बाइंडर कुठला?"

मी म्हटलं, आधी एक पोतं उलटं कर. वरची गोळी बरी होती, पण तळाला नुसती भुकटी. म्हशीसमोर ही भुकटी टाकली की ती फुंकर मारते आणि तुमचा मका उडून गव्हाणीबाहेर पडतो. गिऱ्हाईक पोतं परत देणार नाही तर काय करणार? आपल्याकडे गोकुळचं महालक्ष्मी पशुखाद्य गावातल्या दूध संस्थेत मिळतं. ते सोडून माणूस तुमच्याकडे आला, तर तो दुसरी संधी देईलच असं नाही.

तरीही माझं मत स्पष्ट आहे. त्या मुलाला बाइंडरची गरज नव्हती. निदान तेव्हा तरी नव्हती.

खाद्य बनवणाऱ्यांमध्ये एक जुना ठोकताळा आहे. गोळी टिकण्यात 40 टक्के वाटा कच्च्या मालाच्या फॉर्म्युल्याचा, 20 टक्के दळणाच्या बारीकपणाचा, 20 टक्के वाफेचा, 15 टक्के डायचा आणि 5 टक्के थंड करण्याचा. बाइंडर बसतो तो त्या पहिल्या चाळीसात, तोही एक छोटा भाग म्हणून. बाकीचं बिघडलेलं असेल तर पुडीतली पावडर किती ओढून नेणार?

मी त्याचा फॉर्म्युला बघितला. तेल न काढलेली तांदळाची पॉलिश भरपूर होती, स्वस्त मिळाली म्हणून. तेल गोळीला सैल करतं. दाण्यांमध्ये तेलाचा थर आला की ते एकमेकांना धरत नाहीत. वर हॅमर मिलची जाळी मोठ्या भोकाची, मक्याचे तुकडे जसेच्या तसे दिसत होते. गोळी नेमकी अशा तुकड्यापाशीच तुटते. आणि वाफ तर नव्हतीच.

खरं सांगायचं तर मका आणि गव्हातला स्टार्च हाच तुमचा फुकटचा बाइंडर आहे. ओलावा आणि उष्णता मिळाली की तो साधारण 65 ते 75 अंशाला फुगतो आणि चिकट होतो. भाकरीच्या पिठाला उकळतं पाणी घातल्यावर काय होतं ते घरात विचारा. मोठ्या कारखान्यात हे काम वाफ करते. तुमच्याकडे बॉयलर नसेल तर गरम पाणी शिंपडा, नीट कालवा, थोडा वेळ झाकून ठेवा आणि मग मशीनला घाला. मात्र हे पाणी नंतर बाहेर काढावंच लागतं. पशुखाद्याच्या आयएस 2052 मानकात ओलाव्याची कमाल मर्यादा 11 टक्के आहे. गरम गोळी पोत्यात भरून तोंड शिवलं की आत घाम धरतो, बुरशी येते. त्या बुरशीचं अफ्लाटॉक्सिन खाद्यातून दुधात उतरतं, आणि दुधात त्याची मर्यादा किलोला फक्त 0.5 मायक्रोग्रॅम आहे.

इथं एक गोंधळ नेहमी होतो. दुकानात 'टॉक्सिन बाइंडर' मिळतो, तो वेगळा. तो विष धरण्यासाठी असतो, गोळी धरण्यासाठी नाही. नाव सारखं म्हणून उचलून आणू नका.

आता हे सगळं जमल्यावरही गोळी फुटत असेल तर बाइंडर जरूर वापरा. आपल्या भागात पहिला विचार मोलॅसिसचा. (आपल्याकडे मळी म्हटलं की बरेच जण प्रेसमड समजतात, म्हणून मोलॅसिसच म्हणतो.) ते गोळी धरतं, ऊर्जा देतं आणि वासाला जनावर भुलतं. पण लहान मशीनमध्ये जास्त झालं की डाय तुंबते. शिवाय साठवायच्या आधी राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या परवान्याचं विचारून घ्या. बेंटोनाइट सोपं पडतं, पण ती माती आहे. 2 टक्के घातली तर 50 किलोच्या पोत्यात एक किलो माती विकताय, एवढं लक्षात असू द्या. ग्वार गम थोडकाच लागतो, पण कोंबडी खाद्यात टाळा. विष्ठा चिकट होते आणि वाढही मार खाते.

आणि कुणासाठी बनवताय ते बघा. म्हशीचं आंबोण भिजवून घालायची आपल्याकडे पद्धत. तिथं गोळी पोत्यात टिकली पाहिजे आणि बादलीत विरघळली पाहिजे. बाइंडर जास्त झाला की गोळी खड्यासारखी तशीच राहते आणि वहिनी दुसऱ्या दिवशी तक्रार घेऊन येतात. माशांचं उलटं. पाण्यात विरघळलेली गोळी म्हणजे तळ्यात ओतलेले पैसे, वर पाणी खराब. झिंगा तर कुरतडत हळूहळू खातो, त्याच्यासाठी गोळी दोन तास तरी टिकायला हवी. म्हणून मत्स्यखाद्याचं दळण पिठासारखं बारीक लागतं आणि तिथं मैदा किंवा टॅपिओका स्टार्च घालणं मला पटतं. तरंगणारं खाद्य मात्र या मशीनवर होत नाही, त्याला एक्स्ट्रुडर लागतो. विक्रेता काहीही सांगो.

तपासणी घरीच करा. थंड झालेली 500 ग्रॅम गोळी चाळून घ्या, झाकणाच्या डब्यात घालून दहा मिनिटं एका लयीत फिरवा, पुन्हा चाळा, वजन करा. 450 ग्रॅम उरली तर 90 टक्के. लॅबमध्ये फिरणाऱ्या पेटीत हेच करतात. आकडा तंतोतंत जुळणार नाही, पण कालच्यापेक्षा आज सुधारलं का ते कळतं. माशांच्या गोळीसाठी काचेचा ग्लास, पाणी आणि मोबाइलमधलं घड्याळ पुरे.

त्या मुलानं जाळी बदलली, तेल काढलेली पॉलिश आणली आणि गरम पाण्याचा प्रयोग सुरू केला. बाइंडरची ऑर्डर थांबवली. आता त्याच्यापुढं प्रश्न आहे पावसाळ्याचा. कळंब्याच्या त्या दमट हवेत गोळी वाळवायची कशी? पंखा आणि जाळीच्या ट्रेवर त्याचं काम चाललंय. जूनच्या आत जमवायला हवं.