स्थिरांकांचे स्थलांतर: 'पोर्ट'पासून जीएसएलपर्यंत

१/ आयबीएमच्या ३६० मालिकेतील संगणक दशांशचिन्हयुक्त संख्या सोळाच्या पायावर मांडत, तर सीडीसी ६६०० चा शब्द ६० बिटांचा होता. सर्वांत मोठी संख्या कोणती, या साध्या प्रश्नाचेही उत्तर यंत्रागणिक बदले.

२/ बेल लॅब्जच्या फॉक्स, हॉल आणि श्रायर यांनी १९७८ साली मांडलेल्या 'पोर्ट' या फोर्ट्रान लायब्ररीने हे स्थिरांक डी१मॅक, आर१मॅक, आय१मॅक अशा फलनांत ठेवले. डी१मॅक(२) विचारावे, यंत्र आपली कमाल संख्या सांगेल. लायब्ररी बसवणाऱ्याने आपल्या यंत्राच्या ओळींपुढील पहिल्या स्तंभातला 'सी' खोडायचा, एवढेच. पद्धत गावठी खरी. पण पुढच्या पिढीच्या सोयीपेक्षा ती अधिक दूरदर्शी होती. फलनाला संकलित फाइलीत नाव असते, आणि त्या नावाने परभाषाही त्याला हाक मारू शकते.

३/ १९९६ साली लॉस अलामॉसच्या शास्त्रज्ञांनी जीएसएल ही लायब्ररी सी भाषेत लिहावयास घेतली. तिचे भौतिक स्थिरांक शीर्षक-फाइलीत 'डिफाइन' करून ठेवलेले आहेत. संकलनाआधीच नावाच्या जागी आकडा बसतो. तयार लायब्ररीत त्या नावाचा मागमूस उरत नाही. फोर्ट्रान २००३ ने सीची फलने बोलावण्याचा अधिकृत मार्ग दिला, परंतु जे नावच शिल्लक नाही ते बोलावणार कसे? पायथनच्या सीटाइप्सचीही तीच गत.

४/ मग आकडा हाताने उतरवला जातो. जीएसएलमध्ये प्लँकचा स्थिरांक दीर्घकाळ ६.६२६०६८९६ (गुणिले दहाचा उणे ३४ वा घात) असा, म्हणजे कोडाटाच्या २००६ च्या संचातला होता. २० मे २०१९ पासून तो ६.६२६०७०१५ असा कायमचा निश्चित झाला. फरक कोटीत सुमारे दोन भागांचा; पण उतरवलेल्या आकड्यावर साल नसते, आणि एकाच गणनेत दोन पिढ्यांचे स्थिरांक शेजारी बसले तरी संकलक तक्रार करत नाही.

५/ मॅक्रो वेगवान असतो, हे समर्थन येथे फारसे टिकत नाही. चार ओळींच्या सी फाइलीत तेच स्थिरांक खऱ्या चलांत ठेवले, की फोर्ट्रानला ते 'बाइंड'ने थेट जोडता येतात. सायपायने तर मूल्याशेजारी एकक आणि अनिश्चितताही नोंदवली आहे. उतारा कोणत्या पोथीवरून घेतला हे लिहिण्याची शिस्त लेखनिकांना होती. संगणकीय लायब्ररीकडून निदान तेवढी अपेक्षा करण्यास हरकत नसावी.