संगणकात चिखल नसतो, म्हणून काय झालं?

नाशिक जिल्ह्यातल्या नांदूरमध्यमेश्वर पाणथळीच्या मनोऱ्यावर दुर्बीण लावून बसणाऱ्या काही जाणत्यांचं ठाम मत आहे, की संगणकावर अन्नजाळी (कोण कोणाला खातं याची जाळी) उत्क्रांत करणं हा रिकामटेकड्यांचा उद्योग. तिथे ना चिखल, ना गोगलगाय. पक्षी मोजा, गणितं कशाला?

मोजणी हवीच, पण ती 'किती' सांगते. 'का' सांगत नाही. गोदावरी-कादवा संगमावर 1907 ते 1913 दरम्यान बंधारा झाला, मागे गाळ साचला, पाणी उथळ झालं. आज त्याच चिखलात मुग्धबलाक फटीच्या चोचीने गोगलगाय धरून तिचं मांस ओढून काढतो. 2020 मध्ये ही पाणथळ महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झाली. इथलं अन्नजाळं आराखडा काढून कोणी विणलं नाही. मग ते टिकलं कसं?

शास्त्रज्ञ रॉबर्ट मे यांनी 1972 मध्ये गणिताने दाखवलं, की संबंध कसेही जोडले तर प्रजाती वाढतील तसं जाळं डळमळतं. म्हणजे खरी जाळी कशीही जोडलेली नसतात. काल्डारेली, हिग्ज आणि मॅकेन यांच्या 1998 च्या 'वेबवर्ल्ड' या संगणकी प्रारूपात जुन्या प्रजातीत थोडा फरक होऊन नवी येते, अन्न मिळवते किंवा नामशेष होते. खालच्या पातळीची जेमतेम दशांश ऊर्जा वर पोचते एवढा नियम दिला, तरी अन्नाचे थर आपोआप रचले जातात. मिचिओ कोंडो यांनी 2003 मध्ये आणखी एक धागा जोडला: शिकारी जे सहज मिळेल त्याकडे वळला, तर गुंतागुंतच जाळ्याला आधार देते. निफाडच्या उसातला बिबट्या कुत्र्या-शेळ्यांवर गुजराण करतो, तो याहून वेगळं काय करतो?

खरा वजनदार आक्षेप दुसराच आहे. इथली बदकं इथे उत्क्रांत झाली नाहीत, ती उत्तरेकडून उडत आली. शंभर वर्षांत कसली उत्क्रांती? बदकांपुरतं हे मान्य. पण पाण्यातल्या शेवाळाला शतक लागत नाही. 2003 मध्येच कॉर्नेलच्या संशोधकांनी दाखवलं, की शेवाळ काही आठवड्यांत बदलतं आणि त्याला खाणाऱ्या सूक्ष्मजीवांच्या संख्येचा चढउतारही बदलून टाकतं. जाळ्याचा पायाच असा हलता असेल, तर नुसत्या याद्या पुरणार कशा?

गाळ बंधाऱ्याची साठवण खातो आणि पक्ष्यांना उथळ पाणी देतो. किती उपसला तर कोणता धागा आधी तुटेल, हे काय प्रत्यक्ष उपसून पाहायचं? पक्षिमित्रांच्या जुन्या वह्या आणि गणितवाल्यांचा संगणक एका टेबलावर यायला हवेत, आणि तेही पोकलेन पाण्यात उतरण्याआधी.