नसांचा 'अलर्ट' रक्तात: एनएफएल टेस्ट नेमकं काय सांगते?

आईला ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे आमवात आहे आणि हाताला मुंग्या येतायत? 'वय झालं' म्हणून सोडून देऊ नका. या आजारात मनगटाची सूज नस दाबू शकते. कधी रक्तवाहिन्याच सुजून नसेचा रक्तपुरवठा तुटतो. आरएफ, अँटी-सीसीपी या नेहमीच्या टेस्ट नसांचं नुकसान मोजत नाहीत.

एनएफएल हे नसांच्या तंतूंमधलं प्रोटीन. तंतूला इजा झाली की ते रक्तात झिरपतं, पण अगदी कणभर. सिमोआ तंत्रज्ञान एकेक रेणू मोजतं, म्हणून ते सापडतं. २०२३ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने एएलएसच्या एका जनुकीय प्रकारावरच्या टोफरसेन औषधाला मंजुरी दिली, ती याच आकड्यातली घट पाहून.

पण हा सर्व्हरचा अलर्ट समजा: काहीतरी बिघडलंय एवढंच कळतं, कुठे आणि का, ते नाही. वय वाढलं, किडनी मंदावली तरी आकडा वाढतो. मुंग्यांमागे डायबेटिस किंवा बी-१२ची कमतरताही असू शकते. आमवातात ही टेस्ट अजून रुटीन नाही. त्यामुळे रिपोर्ट चॅटबॉटला दाखवून थांबू नका. डॉक्टरांना नर्व्ह कंडक्शन टेस्टबद्दल विचारा. पाऊल अचानक उचलेनासं झालं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.